लिव्हरचा कॅन्सर वेळेत सापडतो तो कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ ४३ वर्षांचे, तालुक्याच्या गावी दुकान चालवतात. रक्तदान शिबिरात रक्त दिलं आणि पुढच्या आठवड्यात रक्तपेढीतून फोन आला: हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. त्यांचे मामा ५४ व्या वर्षी लिव्हरच्या कॅन्सरनं गेले. सापडला तेव्हा गाठ ११ सेंमीची होती, पुढे तीन महिनेही मिळाले नाहीत. गावच्या डॉक्टरांनी यांचे रिपोर्ट बघून ‘एसजीपीटी नॉर्मल आहे, काही करायची गरज नाही’ असं सांगितलं. लॅबवाल्यानं मात्र कॅन्सर मार्करचं पॅकेज सुचवलं. आता यांना विचारायचंय की नेमकी कोणती तपासणी करायची, किती दिवसांनी करायची, घरच्यांचं काय, आणि तोंडाच्या नि स्तनाच्या कॅन्सरची शिबिरं होतात तशी लिव्हरची का होत नाहीत.

आधी तुमच्यापुरतं सांगतो. दर सहा महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी आणि तिच्या जोडीला एएफपी या कॅन्सर मार्करची रक्ततपासणी. सुरुवात याच महिन्यात. अंगात हेपॅटायटिस बी असलेल्या आशियाई पुरुषांनी चाळिशीनंतर आणि स्त्रियांनी पन्नाशीनंतर ही तपासणी चालू ठेवावी, असं लिव्हरतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. तुमचं वय ४३; मामांचं काही नसतं तरी एवढं कारण पुरेसं होतं. सिऱ्हॉसिस (लिव्हरमध्ये व्रण साचून ते घट्ट होणं) असेल तर वयाची अटही राहत नाही.

एसजीपीटी नॉर्मल आहे हे चांगलंच, पण त्यावरून कॅन्सरबद्दल काही कळत नाही. लिव्हरच्या पेशींना सध्या किती इजा होतेय, एवढाच तो अंदाज. सिऱ्हॉसिस पुरता झालेला, पोटात पाणी भरायच्या बेतात असलेला माणूस आणि एसजीपीटी ३५, असे कागद आमच्या ओपीडीत नेहमी येतात. हेपॅटायटिस बीचं तर आणखी वेगळं. हा विषाणू स्वतःची जनुकं लिव्हरच्या पेशीतल्या जनुकांत घुसवतो, त्यामुळे सिऱ्हॉसिस न होताही कॅन्सर होऊ शकतो. दारू किंवा हेपॅटायटिस सी असेल तर बहुतेक वेळा आधी सिऱ्हॉसिस आणि मग कॅन्सर असा क्रम असतो. बीमध्ये त्या क्रमाचा भरवसा नाही.

मामांबद्दल तुम्ही ‘आमच्या आजोळी हा रोग रक्तातच आहे’ असं लिहिलंय. तसं ते खरंच आहे, पण तुम्हाला वाटतं त्या अर्थानं नाही. हेपॅटायटिस बी आईकडून बाळाला बाळंतपणात लागतो, आणि लहानपणी लागला की तो बहुधा जन्मभर राहतो. जन्मताना संसर्ग झालेल्या दहा बाळांपैकी नऊ जणांच्या अंगात तो टिकतो. मोठेपणी झाला तर शंभरात जेमतेम पाच जणांच्या. म्हणजे आजीकडून मामांना आणि तुमच्या आईला, आईकडून तुम्हाला, ही शक्यता दाट आहे. मामांच्या फायलीत एचबीएसएजीचा, म्हणजे अंगात हेपॅटायटिस बी आहे का हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आहे का बघा. आईची तपासणी आधी करा. त्या साठीच्या पुढच्या असणार, आणि पॉझिटिव्ह निघाल्या तर सोनोग्राफीची गरज तुमच्याइतकीच त्यांनाही आहे. सख्खी भावंडं, मावशी, मामांची मुलं, सगळ्यांचीच एकदा एचबीएसएजी करून घ्या.

आता सोनोग्राफी कशी करून घ्यायची ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातं. चिठ्ठीवर नुसतं ‘सोनोग्राफी अॅब्डोमेन’ लिहिलेलं असतं. सेंटरवर चाळीस जण बसलेले, त्यांत गरोदर बायका, मुतखडेवाले, प्रोस्टेटवाले. तुमचा नंबर लागतो, चार मिनिटांत पित्ताशय, किडन्या, मूत्राशय बघून होतं आणि लिव्हरपुढे छापील वाक्य येतं. चूक कोणा एकाची नाही. काय शोधायचंय हे सोनोग्राफी करणाऱ्याला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून चिठ्ठीवर ‘हेपॅटायटिस बी, लिव्हर कॅन्सरसाठी सहामाही तपासणी’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि आत गेल्यावर तोंडीही सांगा. सहा तास उपाशीपोटी जा. लिव्हरचा वरचा भाग बरगड्यांच्या आड, फुप्फुसाच्या खाली दडलेला असतो. दीर्घ श्वास घेऊन रोखून धरलात, डाव्या कुशीवर वळलात, तर तो खाली सरकतो आणि पडद्यावर येतो. एका बाजूला आतड्यातला वायू, दुसऱ्या बाजूला फुप्फुस, अशा बेचक्यातून बघायचं असतं. गाठ नेमकी त्या वरच्या घुमटाखाली असेल आणि तुम्हाला श्वास रोखायला सांगितलंच नाही, तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो.

रिपोर्टमध्ये आणखी एक गोष्ट मागा: लिव्हर पूर्ण दिसलं का? चांगले रेडिऑलॉजिस्ट ‘वायूमुळे डावा भाग नीट दिसला नाही’ किंवा ‘चरबीमुळे खोलवरचा भाग अस्पष्ट’ असं प्रामाणिकपणे लिहितात. ते वाक्य सोन्याच्या मोलाचं. लठ्ठ माणसाच्या चरबीनं भरलेल्या लिव्हरमध्ये दोन सेंमीची गाठ सोनोग्राफीला चकवू शकते. अशा वेळी एकदा सीटी किंवा एमआरआय करून घेणं शहाणपणाचं. आणि शक्यतो दर वेळी एकाच सेंटरवर, एकाच डॉक्टरकडे जा. जुनी फिल्म सोबत न्या. मागच्या खेपेला नव्हतं ते या खेपेला दिसतंय, हे जुन्याशी ताडून बघणाऱ्यालाच कळतं.

सोनोग्राफीची मर्यादाही सांगायला हवी. सिऱ्हॉसिसच्या रुग्णांमधल्या अनेक अभ्यासांची बेरीज केली तेव्हा असं दिसलं की सुरुवातीच्या अवस्थेतला कॅन्सर एकट्या सोनोग्राफीनं निम्म्याहून कमी वेळा पकडला जातो; एएफपीची जोड दिली की हे प्रमाण साठ टक्क्यांच्या वर जातं. म्हणून जोडी. एकट्या एएफपीवर मात्र विसंबू नका. लिव्हरचा कॅन्सर असूनही एएफपी नॉर्मल, असे रुग्ण भरपूर असतात, आणि कॅन्सर नसताना ती वाढण्याची कारणंही कमी नाहीत: लिव्हरला आलेली सूज, गरोदरपण, अंडकोशाचे काही ट्यूमर. २० च्या वर गेली की आम्ही सीटी किंवा एमआरआयचा विचार करतो. त्याहून महत्त्वाचा असतो तिचा कल. सहा, मग नऊ, मग पंधरा अशी चढत गेलेली एएफपी मला एकदाच आलेल्या तेविसापेक्षा जास्त खटकते. पिव्हका नावाचा आणखी एक मार्कर आहे, जपानमध्ये तो नियमित वापरतात. आपल्याकडे मोठ्या लॅबमध्ये होतो. परवडत असेल तर करा, नसेल तर त्यावाचून अडत नाही.

सहाच महिने का, असं बरेच जण विचारतात. ही गाठ आकारमानानं दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने घेते. आकारमान दुप्पट झालं म्हणजे व्यास दुप्पट होत नाही; एक सेंमीची गाठ दोन सेंमीची व्हायला आकारमान तीनदा दुप्पट व्हावं लागतं. म्हणून सहामाही फेरीत बहुतेक गाठी तीन सेंमीच्या आत सापडतात, आणि त्या आकाराला बरे करण्याचे उपचार लागू पडतात. दर तीन महिन्यांनी करून बघितलं तर फायदा वाढतो का, हे फ्रान्समध्ये तपासलं गेलं. बारीकसारीक गाठी जास्त दिसल्या, पण जगण्यात फरक पडला नाही. वर्षातून एकदा केली तर मात्र काही गाठी हाताबाहेर जातात. चार-सहा आठवड्यांत वाढणाऱ्या आडदांड गाठीही असतात, त्या दोन तपासण्यांच्या मधे निसटतात. त्यावर आज तरी इलाज नाही.

याचा पुरावा काय? सगळ्यात मोठा पुरावा शांघायचा आहे, आणि तो नव्वदच्या दशकातला, म्हणजे चीन काही श्रीमंत देश नव्हता तेव्हाचा. ३५ ते ५९ वयाची जवळपास १९ हजार माणसं, हेपॅटायटिस बी झालेली किंवा जुना लिव्हरचा आजार असलेली. निम्म्यांना सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी, निम्म्यांना नेहमीप्रमाणे काही नाही. तपासणीच्या गटात लिव्हर कॅन्सरनं होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. आणि हे कधी, तर ठरलेल्या तपासण्यांपैकी साठ टक्केही पार पडल्या नव्हत्या तेव्हा. त्याच सुमारास चीनमध्येच छिदोंगला नुसत्या एएफपीवर असाच प्रयोग झाला. कॅन्सर लवकर सापडले, पण मृत्यू काही घटले नाहीत. शांघायच्या अभ्यासावर आक्षेप घेतले गेलेत, आणि सिऱ्हॉसिसच्या रुग्णांवर अशी चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली मोठी चाचणी झालेली नाही. आता ती होणारही नाही. तपासणी न करण्याच्या गटात जायला कोण तयार होईल? तरी जे हाती आहे त्यावरून मी माझ्या प्रत्येक सिऱ्हॉसिसच्या आणि बीच्या रुग्णाला सहा महिन्यांनी बोलावतो.

गाठ दिसलीच तर काय? एक सेंमीच्या आतली असेल तर घाबरून मुंबई गाठू नका. तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. एक सेंमी किंवा जास्त असेल तर ट्रायफेजिक (तीन टप्प्यांत फोटो घेणारा) सीटी किंवा कॉन्ट्रास्टचा एमआरआय. साधा सीटी चालत नाही. लिव्हरला तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येतं आणि उरलेलं धमनीतून, पण कॅन्सरची गाठ आपलं रक्त मुख्यतः धमनीतून खेचते. त्यामुळे कॉन्ट्रास्ट दिल्यावर पहिल्या काही सेकंदांत गाठ उजळते आणि नंतर आजूबाजूचं लिव्हर उजळलेलं असताना ती फिकी पडते. ठराविक क्षणांना घेतलेल्या फोटोंतच हे दिसतं. सिऱ्हॉसिस किंवा जुना हेपॅटायटिस बी असलेल्या माणसात ही खूण स्पष्ट असेल तर निदान तिथेच झालं, सुई टोचून तुकडा काढायची गरज नाही. तरी तालुक्याला सोनोग्राफीत गाठ दिसली की लगेच एफएनएसी (सुईनं पेशी काढून तपासणं) करणारे अजून आहेत. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी पेरल्या जाण्याची थोडी का होईना भीती असते. दुसरी हौस पेट स्कॅनची. लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर, विशेषतः लहान आणि संथ, साध्या पेट स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. पंधरा-वीस हजार घालवून ‘काही नाही’ असा चुकीचा दिलासा मिळतो.

आणि सगळ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात. हिमॅन्जिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता, तो कितीतरी निरोगी लोकांत असतो. आपल्याकडे अमीबाचा गळूही भरपूर, तो तापानं आणि दुखण्यानं ओळखू येतो. लिव्हरचा कॅन्सर मात्र सुरुवातीला दुखत नाही, कारण लिव्हरच्या आत दुखणं जाणवणारे तंतू नाहीत, ते वरच्या आवरणात आहेत. गाठ वाढून आवरण ताणेपर्यंत माणूस ठणठणीत असतो. ‘दुखायला लागलं की बघू’ म्हणणाऱ्याच्या हाती मग बघण्यासारखं फार काही राहत नाही.

इथवर तुमचं झालं. तुम्ही सुदैवी आहात. रक्तदानामुळे का होईना, तुम्हाला आपण जोखमीत आहोत हे कळलं. माझ्याकडे उशिरा येणाऱ्यांतल्या बहुतेकांना तेच ठाऊक नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात हेपॅटायटिस बीचे जवळपास ३ कोटी आणि सीचे ५५ लाख लोक आहेत, आणि त्यातल्या बहुसंख्यांना त्याचा पत्ता नाही. त्यात भर दारूमुळे झालेल्या सिऱ्हॉसिसची, आणि आता मधुमेह-लठ्ठपणातून होणाऱ्या फॅटी लिव्हरची. ‘माळकरी आहेत हो, थेंबाला शिवले नाहीत कधी’ असं घरचे सांगतात आणि समोर सिऱ्हॉसिस बसलेला असतो. पंधरा वर्षांचा मधुमेह, सुटलेलं पोट, दर सोनोग्राफीत ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’, आणि ते वाक्य कोणी गंभीरपणे घेतलेलं नाही.

सिऱ्हॉसिस कागदावर कसा लपतो त्याचा एक नमुना देतो. वय ५२. पावसाळ्यात ताप आला, प्लेटलेट १ लाख १० हजार. आपल्याकडे पावसाळ्यात प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू, असं समीकरणच झालंय. पपईच्या पानांचा रस पाजला, ताप गेला, सगळे खूश. पण दोन महिन्यांनीही प्लेटलेट तेवढ्याच. डेंग्यूच्या प्लेटलेट आठवड्या-दोन आठवड्यांत वर येतात. वर्षानुवर्षं लाखाच्या आसपास राहत असतील तर पानथरी (प्लीहा) वाढलीय का आणि लिव्हर आकसलंय का हे बघायला हवं. त्याच कागदावर एसजीओटी (एसजीपीटीसारखीच लिव्हरची तपासणी) ६४, एसजीपीटी ४९. फिब-४ नावाचं साधं गणित आहे: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. ५२ गुणिले ६४ म्हणजे ३३२८, ११० गुणिले ७ म्हणजे ७७०, भागाकार ४.३. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर लिव्हर बहुधा फारसं घट्ट झालेलं नाही, २.६७ च्या वर असेल तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती घट्ट झालंय ते मोजणारी तपासणी) आणि लिव्हरतज्ज्ञ. तिन्ही आकडे साध्या तपासण्यांतले, पाचशे-सातशे रुपयांचे, बहुतेकांच्या घरी फायलीत आधीच पडलेले. तुमचं मी करून पाहिलं: एसजीओटी ३२, एसजीपीटी ३६, प्लेटलेट २ लाख २० हजार, उत्तर १.०४. सध्या चांगलं आहे. तरी हेपॅटायटिस बीमध्ये या एका आकड्यावर थांबत नाहीत, एकदा फायब्रोस्कॅन कराच.

आता शिबिरांचा प्रश्न. लिव्हरची शिबिरं होत नाहीत हे माझ्या मते बरोबरच आहे. तोंडाचा कॅन्सर टॉर्च लावून दिसतो, स्तनाची गाठ हाताला लागते, गर्भाशयमुखाची तपासणी व्हिनेगरच्या द्रावणानं नर्स करू शकते. तिशीच्या पुढच्या लोकांसाठी सरकारचा कार्यक्रम या तिघांवर चालतो तो म्हणूनच. लिव्हरला मशीन लागतं, शिकलेला डॉक्टर लागतो, आणि तेही दर सहा महिन्यांनी. शिवाय लिंगनिदानविरोधी कायद्यामुळे आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी मशीन नोंदणीकृत असतं आणि छोटं मशीन पिशवीत घालून वाडीवस्तीवर नेता येत नाही. कायदा हवाच होता, महाराष्ट्रात मुलींचं प्रमाण कसं घसरलं ते आपण पाहिलंय. पण लिव्हरच्या तपासणीला रुग्णानंच मशीनपर्यंत जावं लागतं, ही त्यातली अडचण आहे.

त्याहून मोठी गोष्ट आकड्यांची. भारतात वर्षाला लिव्हर कॅन्सरचे नवे रुग्ण लाखामागे दोन-तीनच निघतात. चार लाख वस्तीच्या तालुक्यात वर्षाला दहा-बारा. ते शोधायला सगळ्यांची सोनोग्राफी करणं वेडेपणा ठरेल. त्याच तालुक्यातले सिऱ्हॉसिसचे एक हजार रुग्ण घ्या. त्यांच्यात वर्षाला पंधरा-वीस जणांना कॅन्सर होईल अशी जोखीम आपल्याकडच्या पाहणीतही दिसलीय. म्हणजे शोधायची गाठ नाही, शोधायचा सिऱ्हॉसिस आणि विषाणू.

लॅबवाल्याच्या पॅकेजचा हिशेबही इथेच लागतो. दहा हजार निरोगी लोकांची एएफपी केली आणि धरून चाला की फक्त शंभरात एकाची किंचित जास्त आली. शंभर माणसं घाबरली, शंभर सीटी, प्रत्येकी सात-आठ हजार. खरा कॅन्सर त्या वर्षी त्या दहा हजारांत एकही नसेल अशीच शक्यता जास्त. तुम्हाला एएफपी हवी, पण पॅकेजमधली सीए-१९-९, सीईए वगैरे नको. एकटी एएफपी हजाराच्या आत-बाहेर होते.

सरकारी यंत्रणेत खरी गळती कुठे आहे, ते मला रोज दिसतं. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. सीची औषधं मोफत, बीची मोफत, विषाणूची मोजणीही मोफत. त्याआधी २०१६ मध्ये पंजाबनं जिल्हा रुग्णालयांतून सीचे मोफत उपचार सुरू करून दाखवले होते की हे काम मोठ्या शहरातल्या तज्ज्ञावाचूनही होतं. फार चांगलं झालं. पण सीचा रुग्ण बारा आठवडे गोळ्या घेतो, विषाणू गेल्याचा रिपोर्ट येतो, ‘तुम्ही बरे झालात’ असं सांगून त्याला घरी पाठवतात. विषाणू गेला, सिऱ्हॉसिस आहे तिथेच आहे. कॅन्सरची जोखीम कमी होते, संपत नाही. ज्याला उपचाराआधीच सिऱ्हॉसिस होता त्यानं विषाणू गेल्यावरही सहामाही सोनोग्राफी सोडायची नसते, हे त्याच्या कार्डावर कुठेच लिहिलेलं नसतं. नावं रजिस्टरमध्ये आहेत, मोबाइल नंबर आहेत. क्षयरोगाचा रुग्ण औषध घ्यायला आला नाही तर त्याच्या घरी माणूस जातो. सिऱ्हॉसिसवाल्याला सहा महिन्यांनी एक फोन करायला किती खर्च येईल?

योजनांचाही एक विरोधाभास आहे. जन आरोग्य योजनेत भरती होऊन घेतलेल्या उपचारांचे पैसे मिळतात, खासगीत बाहेरच्या बाहेर केलेली हजार-बाराशेची सोनोग्राफी त्यात बसत नाही. रोजंदारीवरचा माणूस तिथेच थांबतो. मात्र १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या मोफत आहेत. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफीची तारीख आधी घेऊन ठेवली तर काम होतं. सहा महिन्यांनंतरची तारीख आजच मागा. दुकानदार आहात, एक युक्ती सुचवतो: एक फेरी अक्षय तृतीयेच्या सुमाराला, दुसरी दिवाळीच्या. वर्षानुवर्षं येणारे माझे बरेच रुग्ण अशी काहीतरी खूण बांधूनच येतात.

प्रत्येकाला ही तपासणी हवीच असंही नाही. सिऱ्हॉसिस शेवटच्या टप्प्यात असेल, वारंवार शुद्ध हरपत असेल आणि लिव्हर बदलणं शक्य नसेल, तर दर सहा महिन्यांनी गाठ शोधत बसण्यात रुग्णाचा काही फायदा नाही. नातेवाइकांना हे सांगणं अवघड जातं, पण त्या पैशांत त्याच्या पोटातलं पाणी काढणं, झोप, जेवण नीट बघणं जास्त गरजेचं.

लवकर सापडल्यावर काय होतं तेही ऐका, म्हणजे सहा महिन्यांचा खटाटोप कशासाठी ते कळेल. लिव्हरचं काम बरं आहे आणि गाठ दोन-अडीच सेंमीची आहे, तर सोनोग्राफीत बघत सुई आत घालून ती गाठ उष्णतेनं जाळता येते. रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी. जागा बरी असेल तर तेवढा भाग कापून काढता येतो. पाच सेंमीच्या आत एक, किंवा तीन सेंमीच्या आतल्या तीनपर्यंत गाठी असतील तर लिव्हर प्रत्यारोपणाचा पर्याय खुला राहतो. हे निकष १९९६ साली मिलानमधून आले आणि अजून वापरात आहेत. प्रत्यारोपणाचा खर्च आपल्याकडे वीस लाखांच्या घरात आणि पुढे जातो, दाता बहुधा घरातलाच, त्यामुळे तो थोड्यांच्याच वाट्याला येतो. जाळणं किंवा कापणं मात्र मुंबई-पुणे-नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत बऱ्याच जणांच्या आवाक्यात आहे. त्यानंतरही गाठ पुन्हा दुसरीकडे येऊ शकते; कापल्यानंतर पाच वर्षांत निम्म्याहून अधिक जणांत ती येते. म्हणून फेऱ्या थांबत नाहीत, उलट सुरुवातीला जास्त वेळा बोलावतो. ११ सेंमीची, पोर्टल शिरेत शिरलेली गाठ असेल तर उरतात ती औषधं. ती पूर्वीपेक्षा चांगली झालीत, पण महागही आहेत आणि काही महिन्यांची, क्वचित दोन-तीन वर्षांची मुदत देतात.

तुमच्या पुढच्या भेटीला ही कागदपत्रं घेऊन जा: विषाणूची मोजणी म्हणजे एचबीव्ही डीएनए, एचबीईएजी (याच विषाणूची आणखी एक रक्ततपासणी), फायब्रोस्कॅन, आणि वर सांगितलेली सोनोग्राफी नि एएफपी. डीएनए २००० च्या वर आणि एसजीपीटी वाढलेला, किंवा फायब्रोस्कॅनचा आकडा ७ च्या वर, असं काही निघालं तर गोळी सुरू करायची वेळ आली असं समजा. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर, रोज एक. कार्यक्रमाच्या केंद्रात मोफत मिळते. गोळीमुळे कॅन्सरची जोखीम बरीच घटते, शून्य होत नाही, आणि ती मनानं बंद केली तर विषाणू उसळून लिव्हर फेल झालेले रुग्णही पाहिलेत. बंद करण्याचा निर्णय तुमचा नाही, डॉक्टरांचा. काविळीची माळ, नाकात घालायचं औषध, कोणी दिलेला झाडपाला, यातलं काही नको. दारू तुमच्यासाठी ‘थोडी’सुद्धा नको. शेंगदाणे, मका यांना बुरशी लागली असेल तर फेकून द्या. त्यातलं अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही, आणि हेपॅटायटिस बीच्या जोडीला ते आलं की कॅन्सरची जोखीम कित्येक पटींनी चढते. तुम्ही किराणा विकत असाल तर पोत्याच्या तळाचे दाणे ‘घरी चालतील’ म्हणून आणणं तेवढं सोडा. कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचा कॅन्सर कमी दिसतो असे बरेच अभ्यास आहेत. चहावाल्यांसाठी मात्र माझ्याकडे अशी बातमी नाही.

घरच्यांचं. ताट-वाटीनं, एकत्र जेवल्यानं, मांडीवर नातवंड घेतल्यानं हा विषाणू लागत नाही. तुमची भांडी वेगळी काढली असतील तर परत एकत्र करा. दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश एवढं मात्र स्वतःचं वेगळं ठेवा, आणि न्हाव्याकडे नवीन ब्लेड मागा. पत्नीची एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (विषाणूपासून संरक्षण आहे का ते सांगणारी) अशा दोन तपासण्या करा. दोन्ही निगेटिव्ह असतील तर लसीचे तीन डोस: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. तिसरा डोस झाल्यावर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस पुन्हा करून तो १० च्या वर आहे ना ते बघा. मुलांना ही लस बाळपणी मिळालेली असू शकते, कारण २०११ पासून ती देशभरच्या सरकारी लसीकरणात आहे आणि जन्मल्यापासून २४ तासांत पहिला डोस द्यायचा असतो. तरी कार्ड काढून बघा. थोरला त्याआधी जन्मला असेल तर त्याची तपासणी आधी.